गर्भाशय अंतःस्तराचे विकार व हॉर्मोने

गर्भाशयाच्या पोकळीला आतून आच्छादणाऱ्या श्लेष्मल पटलाला (बुळबुळीत द्राव स्रवणाऱ्या अस्तराला) गर्भाशय अंतःस्तर म्हणतात. दर महिन्याला वाढणे, पक्व होणे, गळून पडणे आणि मागे व्रण न ठेवता पुन्हा भरून येणे, हा क्रम निरोगी अवस्थेत वर्षानुवर्षे पाळणारे दुसरे ऊतक (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांचा समूह) मानवी शरीरात नाही. हा क्रम अंतःस्तर स्वतः ठरवीत नाही. अंडकोशातून रक्तात मिसळणाऱ्या हॉर्मोनांच्या (वाहिनीविहीन ग्रंथींच्या उत्तेजक स्रावांच्या) नियंत्रणाखाली तो चालतो. म्हणूनच अंतःस्तराच्या अनेक विकारांत मूळ दोष अंतःस्तरात नसून त्याला मिळणाऱ्या संदेशात, अथवा तो संदेश ग्रहण करण्याच्या क्षमतेत असतो. लक्षण मात्र गर्भाशयातून होणाऱ्या रक्तस्रावाच्या रूपाने प्रकट होते आणि त्यामुळे गर्भाशयच दोषी ठरवला जातो. निदान व चिकित्सा या दोहोंतील पुष्कळ चुका या गैरसमजातून होत आल्या आहेत.

एकोणिसाव्या शतकात स्त्रीरोगतज्ञ गर्भाशयातून खरवडून काढलेले ऊतक सूक्ष्मदर्शकाखाली पाहत, तेव्हा त्यांना प्रत्येक वेळी निराळे चित्र दिसे. कधी ग्रंथी सरळ व अरुंद, तर कधी नागमोडी व स्रावाने फुगलेल्या. या भेदांना ‘अंतःस्तरशोथ’ (दाहयुक्त सूज) या रोगाचे प्रकार समजून निरोगी स्त्रियांवरही उपचार केले जात. व्हिएन्ना येथील फ्रिट्‌स हिचमान व लूटव्हिख आडलर यांनी १९०८ मध्ये असे दाखवून दिले की, ही निरनिराळी चित्रे ऋतुचक्राच्या निरनिराळ्या दिवसांची असून ती पूर्णपणे स्वाभाविक आहेत. या बदलांमागील रासायनिक कारणांचा उलगडा पुढील पाव शतकात झाला. एडगर ॲलन व एडवर्ड डॉइझी यांनी १९२३ मध्ये अंडपुटकातील द्रवात स्त्रीमदजन गुणधर्म असल्याचे सिद्ध केले. १९२९ मध्ये ईस्ट्रोन शुद्ध स्वरूपात मिळविण्यात आले. त्याच वर्षी जॉर्ज कॉर्नर व विलार्ड ॲलन यांनी पीतपिंडाच्या अर्काने सशाच्या मादीचे गर्भारपण टिकवून दाखविले. त्या अर्कातील क्रियाशील द्रव्य, म्हणजे प्रोजेस्टेरॉन, १९३४ मध्ये अलग करण्यात आले. ऋतुस्राव प्रत्यक्ष होताना पाहण्याचे काम मात्र जे. ई. मार्की यांनी केले. त्यांनी ऱ्हीसस माकडिणीच्या अंतःस्तराचे तुकडे तिच्याच डोळ्याच्या पुढील कोटरात रोपिले. पारदर्शक स्वच्छमंडलातून ते तुकडे वाढताना, फिकट पडताना व रक्तस्राव करताना महिनोन्‌महिने पाहता आले (१९४०). रक्तातून येणारे हॉर्मोन मिळाले की, गर्भाशयाबाहेर असलेला अंतःस्तरही आपला नियतक्रम पाळतो, ही या प्रयोगातील लक्षणीय गोष्ट होय.

प्राकृत क्रम : अंतःस्तराचे दोन थर मानतात. स्नायूला लागून असलेला तळथर हॉर्मोनांना अल्प प्रतिसाद देतो व ऋतुस्रावात गळून पडत नाही. कापलेले गवत मुळापासून पुन्हा फुटावे त्याप्रमाणे या थरातील ग्रंथींच्या शेष टोकांपासून नवे आच्छादन उगवते. त्यावरील कार्यकारी थराला सर्पिल रोहिण्या रक्त पुरवितात आणि दर महिन्याचे सर्व फेरफार याच थरात होतात.

ऋतुचक्राच्या पूर्वार्धात पोष ग्रंथीच्या पुटकोद्दीपक हॉर्मोनामुळे अंडकोशातील पुटक वाढू लागते व त्यातून ईस्ट्राडायॉल हे प्रमुख ईस्ट्रोजेन स्रवते. त्याच्या प्रभावाने अंतःस्तरातील कोशिकांचे वेगाने विभाजन होते, ग्रंथी लांबतात आणि स्रावानंतर काही मिलिमीटर उरलेली जाडी दोन आठवड्यांत दोन-तीन पट होते. या अवस्थेत ईस्ट्रोजेन आणखी एक कार्य करते. प्रोजेस्टेरॉनाला ओळखणारी ग्राहक प्रथिने कोशिकांमध्ये निर्माण होण्यास ते कारणीभूत होते, म्हणजे आपल्याला आवर घालणाऱ्या शक्तीची पूर्वतयारी ते स्वतःच करते. अंडमोचनानंतर रिकाम्या पुटकाचे रूपांतर पीतपिंडात होते आणि उत्तरार्धात त्यातून विपुल प्रोजेस्टेरॉन बाहेर पडते. प्रोजेस्टेरॉन कोशिका-विभाजन थांबविते, ईस्ट्रोजेनाच्या ग्राहकांची संख्या घटविते आणि ईस्ट्राडायॉलाचे दुर्बल अशा ईस्ट्रोनात रूपांतर करणाऱ्या एंझाइमाला चालना देते. वाढलेल्या ग्रंथी आता ग्लायकोजेनयुक्त स्राव निर्माण करू लागतात आणि आधारऊतकाच्या कोशिका फुगून गर्भाच्या रोपणासाठी सिद्ध होतात. रोपणास अनुकूल असा काळ चक्राच्या विसाव्या ते चोविसाव्या दिवसांच्या सुमारास असतो व तो थोडेच दिवस टिकतो.

गर्भधारणा न झाल्यास सु. चौदा दिवसांत पीतपिंड क्षीण होतो व दोन्ही हॉर्मोनांची पातळी झपाट्याने खाली येते. प्रोजेस्टेरॉनाचा आधार तुटताच प्रोस्टाग्लँडिने निर्माण होतात, सर्पिल रोहिण्या आकुंचन पावतात, आधारऊतक विरघळविणारी एंझाइमे मुक्त होतात आणि कार्यकारी थर गळून पडतो. संपूर्ण थराला एकाच वेळी हा संदेश मिळत असल्यामुळे प्राकृत ऋतुस्राव ठराविक दिवसांत आपोआप थांबतो. एका पाळीत सर्वसाधारणपणे ३० ते ४० मिलि. रक्त जाते. दर पाळीला ८० मिलि.पेक्षा अधिक रक्त जात राहिल्यास कालांतराने शरीरातील लोहाचा साठा संपून पांडुरोग होण्याचा संभव असतो.

ईस्ट्रोजेनाचा एकाकी प्रभाव : वरील वर्णनावरून एक गोष्ट स्पष्ट होते. अंडमोचन झाले तरच पीतपिंड तयार होतो आणि पीतपिंड असेल तरच पुरेसे प्रोजेस्टेरॉन मिळते. अंडमोचन न झालेल्या चक्रात पुटके ईस्ट्रोजेन स्रवीत राहतात, परंतु त्याला रोखणारे कोणी नसते. अंतःस्तर आधाराशिवाय वाढत जातो. त्यातील नव्या रक्तवाहिन्या नाजूक असतात आणि थर इतस्ततः, तुकड्यातुकड्यांनी गळू लागतो. दोन-तीन महिने पाळी चुकून मग आठवडे न थांबणारा स्राव सुरू होणे, हे या अवस्थेचे वैशिष्ट्यपूर्ण चित्र होय. पाळी सुरू झाल्यावरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत ते वारंवार आढळते. कारण वाढत्या ईस्ट्रोजेनाला उत्तर म्हणून पीतपिंडकर हॉर्मोनाचा एकाएकी लोट सोडण्याची क्षमता अधोथॅलॅमस व पोष ग्रंथी यांच्यात त्या वयात पूर्ण विकसित झालेली नसते. ऋतुनिवृत्तीच्या आधीच्या काही वर्षांत अंडकोशातील पुटके संपत आल्यामुळे तेच चित्र पुन्हा दिसू लागते. या दोन टोकांमधील वयात बहुपुटी अंडकोश लक्षणसमूह हे त्याचे सर्वांत सामान्य कारण होय. अवटू ग्रंथीची न्यूनता व पोष ग्रंथीतून प्रोलॅक्टिनाचा अतिस्राव यांमुळेही अंडमोचन बिघडते. म्हणून केवळ अंडकोशाचा विचार करून भागत नाही.

ही स्थिती दीर्घकाळ राहिल्यास अंतःस्तराची अतिवृद्धी होते. ग्रंथींची संख्या आधारऊतकाच्या मानाने वाढते व त्या दाटीवाटीने वसतात. अतिवृद्धीचा कर्करोगाशी संबंध असावा, असे मत एमिल नोव्हाक व त्यांचे सहकारी यांनी १९३६ मध्येच मांडले होते. परंतु सर्वच अतिवृद्धी सारखी धोकादायक नसते, हे रॉबर्ट कुर्मन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९८५ मधील अभ्यासाने स्पष्ट झाले. ज्यांचा गर्भाशय लगेच काढला नव्हता अशा १७० रुग्णांचा त्यांनी दीर्घकाळ मागोवा घेतला. कोशिकांच्या केंद्रकांत विकृती नसलेल्या साध्या अतिवृद्धीचे सु. १ टक्का रुग्णांत कर्करोगात रूपांतर झाले. विकृत केंद्रके असलेल्या जटिल प्रकारात हे प्रमाण सु. २९ टक्के होते. यावरून ग्रंथींच्या रचनेपेक्षा केंद्रकांचे स्वरूप अधिक निर्णायक ठरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१४ मधील वर्गीकरणात म्हणूनच ‘विकृतिरहित’ व ‘विकृतियुक्त’ असे दोनच वर्ग ठेवण्यात आले. रुग्णाच्या हाती पडलेल्या अहवालात केवळ ‘अतिवृद्धी’ हा शब्द वाचून भयभीत होण्याचे कारण नाही; त्यापुढील विशेषण महत्त्वाचे असते.

ईस्ट्रोजेनाचा स्रोत नेहमी अंडकोशच असतो असे नाही. ऋतुनिवृत्तीनंतर अधिवृक्क ग्रंथींतून येणाऱ्या पौरुषजनाचे मेदऊतकात ॲरोमॅटेज या एंझाइमाच्या साहाय्याने ईस्ट्रोनात रूपांतर होते. मेद जितका अधिक तितके हे रूपांतर अधिक. शिवाय स्थूल व्यक्तींच्या रक्तात इन्शुलिनाची पातळी वाढलेली असल्याने लैंगिक हॉर्मोनांना बांधून ठेवणारे प्रथिन यकृतात कमी तयार होते व मुक्त ईस्ट्रोजेनाचे प्रमाण वाढते. स्थूलता, मधुमेह व अंतःस्तराचा कर्करोग हे त्रिकूट चिकित्सकांना पूर्वीपासून परिचित होते. त्याची जीवरासायनिक संगती अशी लागते.

औषधरूपाने दिलेल्या ईस्ट्रोजेनाचा इतिहास या संदर्भात बोधप्रद आहे. अमेरिकेत १९६० नंतर ऋतुनिवृत्तीच्या त्रासांवर, व पुढे पुढे तारुण्य टिकविण्याच्या आशेनेही, लक्षावधी स्त्रियांना वर्षानुवर्षे केवळ ईस्ट्रोजेन देण्यात आले. डिसेंबर १९७५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या नियतकालिकात दोन स्वतंत्र अभ्यास एकाच वेळी प्रसिद्ध झाले. त्यांपैकी एकात ईस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांत अंतःस्तराच्या कर्करोगाचा धोका साडेचार पट, तर दुसऱ्यात साडेसात पटींहून अधिक आढळला. सात वर्षे अथवा त्याहून अधिक काळ ते घेणाऱ्यांत तो चौदा पटींच्या जवळ गेला. ईस्ट्रोजेनासोबत दरमहा बारा ते चौदा दिवस प्रोजेस्टेरॉनसदृश औषध दिल्यास हा वाढीव धोका बव्हंशी टळतो, असे पुढील संशोधनात दिसून आले. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका नियंत्रित परीक्षणात तीन वर्षे केवळ ईस्ट्रोजेन घेतलेल्या स्त्रियांपैकी ६२ टक्के स्त्रियांत अतिवृद्धी आढळली, तर जोड-औषध घेणाऱ्यांत तिचे प्रमाण औषधविरहित गटाइतकेच अल्प होते. तेव्हापासून गर्भाशय शाबूत असलेल्या स्त्रीस एकटे ईस्ट्रोजेन देऊ नये, हा नियम सर्वमान्य आहे. जोड-औषधही सर्वस्वी निर्दोष नाही. २००२ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या परीक्षणात त्यामुळे स्तनकर्करोगाचे प्रमाण वाढल्याचे दिसल्याने परीक्षणाचा तो भाग मुदतीपूर्वी थांबवावा लागला. अंतःस्तराला जे हितकर ते स्तनाला हितकर असेलच असे नाही.

याचे उलट उदाहरण टॅमॉक्सिफेनाचे. स्तनकर्करोगात हे औषध ईस्ट्रोजेनाला विरोध करते. अंतःस्तरात मात्र ते सौम्य ईस्ट्रोजेनासारखे वागते व पुर्वंगके (देठासारखी वाढ), अतिवृद्धी आणि क्वचित कर्करोग उत्पन्न करते. स्तनकर्करोगात त्याचा लाभ या धोक्याहून पुष्कळ मोठा असल्याने औषध बंद करण्याचा प्रश्न सहसा येत नाही. परंतु ते घेणाऱ्या स्त्रीने योनिमार्गे होणाऱ्या अनपेक्षित रक्तस्रावाकडे दुर्लक्ष करू नये.

अंतःस्तराचा प्रत्येक कर्करोग हॉर्मोनजन्य नसतो. लेनिनग्राड येथील यान बोखमन यांनी १९८३ मध्ये त्याचे दोन प्रकार सुचविले. पहिला ईस्ट्रोजेनाशी निगडित, अतिवृद्धीतून उद्‌भवणारा व तुलनेने मंदगती. दुसरा वृद्ध वयात, क्षीण अंतःस्तरातून उद्‌भवणारा व अधिक घातक. २०१३ पासून जनुकीय बदलांवर आधारलेले चार गटांचे वर्गीकरण पुढे आले असले, तरी ढोबळ मार्गदर्शनासाठी बोखमन यांची विभागणी अद्यापि उपयोगी पडते. काही कुटुंबांत आनुवंशिक दोषामुळे हा कर्करोग व मोठ्या आतड्याचा कर्करोग कमी वयात आढळतात.

प्रोजेस्टेरॉनाला दाद न देणे : अंतःस्तरासारखे ऊतक गर्भाशयाबाहेर, विशेषतः अंडकोश व श्रोणीतील पर्युदर यांवर, वाढण्याच्या विकारास अस्थानी अंतःस्तरता म्हणतात. प्रजननक्षम वयातील सु. १० टक्के स्त्रियांत हा विकार असावा, असा अंदाज आहे. जॉन सॅम्पसन यांनी १९२७ मध्ये अशी उपपत्ती मांडली की, ऋतुस्रावाचे रक्त अंडवाहिन्यांतून उलट दिशेने उदरात जाते व त्यासोबत गेलेले तुकडे तेथे रुजतात. परंतु असा उलट प्रवाह बहुतेक स्त्रियांत होतो आणि विकार थोड्यांनाच जडतो. या विसंगतीचा काही अंश हॉर्मोनांच्या अभ्यासाने उलगडला आहे. अस्थानी ऊतक स्वतःच ॲरोमॅटेज निर्माण करून स्थानिक ईस्ट्रोजेन तयार करते, तर त्यातील प्रोजेस्टेरॉन ग्राहकांची संख्या घटलेली असते. प्रोजेस्टेरॉन रक्तात पुरेसे असूनही त्याची आज्ञा मानली जात नाही. ईस्ट्रोजेन निकामी करणारे एंझाइमही त्यामुळे कमी पडते. तीव्र कष्टार्तव, संभोगसमयी वेदना व वंध्यत्व ही याची प्रमुख लक्षणे होत. पाळीच्या वेळी दुखायचेच, या समजुतीपायी निदानास कित्येकदा अनेक वर्षे विलंब होतो. अंतःस्तराच्या ग्रंथी गर्भाशयाच्या स्नायूतच शिरल्यास गर्भाशय मोठा व मऊ होतो आणि कष्टार्तवाबरोबर अत्यार्तवही होते.

हॉर्मोनांचा अभाव : ऋतुनिवृत्तीनंतर ईस्ट्रोजेन मिळेनासे झाले की, अंतःस्तर पातळ व ठिसूळ होतो. अशा क्षीण अस्तरातूनही अधूनमधून रक्त येते आणि या वयातील रक्तस्रावाचे हेच सर्वांत सामान्य कारण आहे. तथापि ऋतुनिवृत्तीनंतर रक्तस्राव झालेल्या दर दहा-अकरा स्त्रियांपैकी एकीस कर्करोग आढळतो, तसेच या कर्करोगाच्या सु. ९० टक्के रुग्णांत रक्तस्राव हेच पहिले लक्षण असते. पाळी बंद होऊन एक वर्ष लोटल्यावर दिसलेला रक्ताचा एक डागही तपासणीस पुरेसे कारण होय. ‘पाळी परत आली’ असे समजून गप्प बसण्याची प्रवृत्ती आपल्याकडे आढळते, ती घातक आहे. वेळीच निदान झाल्यास हा कर्करोग बहुधा गर्भाशयापुरताच मर्यादित असतो व शस्त्रक्रियेने बरा होतो.

निदान : ऋतुनिवृत्तीनंतरच्या रक्तस्रावात योनिमार्गे केलेल्या सोनोग्राफीने अंतःस्तराची जाडी मोजतात. ती ४ मिमी. अथवा कमी असल्यास कर्करोगाची शक्यता अत्यल्प असते. हा निकष पाळी चालू असलेल्या स्त्रीस लागू करता येत नाही, कारण तिच्या चक्राच्या उत्तरार्धात १२ ते १४ मिमी. जाडीही प्राकृत असू शकते. अंतिम निर्णय जीवोतक परीक्षेने, म्हणजे अंतःस्तराचा लहान तुकडा घेऊन केलेल्या सूक्ष्मदर्शकीय तपासणीने होतो. भारतात अशा तुकड्यात क्षयरोगाचा शोध घेणेही अगत्याचे असते. अंडवाहिन्यांतून पसरणाऱ्या क्षयामुळे अंतःस्तर नष्ट होऊन अनार्तव व वंध्यत्व येते आणि तेथे कितीही हॉर्मोने दिली, तरी उपयोग होत नाही.

चिकित्सा : मूळ तत्त्व संदेशातील उणीव भरून काढण्याचे आहे. अंडमोचनाच्या अभावी होणाऱ्या रक्तस्रावात प्रोजेस्टेरॉनसदृश औषधे ठराविक दिवस दिली व थांबविली असता संपूर्ण थर एकदम गळतो व स्राव आटोक्यात येतो. औषध थांबविल्यावर होणारा स्राव अपेक्षित असतो. तो पाहून उपचार फसला असे रुग्णास वाटू नये म्हणून त्याची कल्पना आधीच देणे इष्ट. ईस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉनसदृश द्रव्य यांच्या संयुक्त गोळ्यांनीही पाळी नियमित होते व स्राव घटतो. या गोळ्यांनी अंतःस्तराच्या कर्करोगाचा धोकाही कमी होतो आणि हे संरक्षण त्या बंद केल्यावरही अनेक वर्षे टिकते. लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे द्रव्य दररोज सु. २० मायक्रोग्रॅम या वेगाने थेट पोकळीत सोडणारे गर्भाशयांतर्गत साधन १९९० मध्ये फिनलंडमध्ये प्रथम उपलब्ध झाले. मूळचे गर्भनिरोधक असलेले हे साधन आता अत्यार्तव व विकृतिरहित अतिवृद्धी यांवर प्रमुख उपचार ठरले आहे. अस्थानी अंतःस्तरतेत डायनोजेस्ट यासारखी औषधे अथवा अधोथॅलॅमसाच्या हॉर्मोनाशी साधर्म्य असलेली व अंडकोश तात्पुरते शांत करणारी द्रव्ये वापरतात. दुसऱ्या प्रकारात अस्थींची घनता घटत असल्याने कालमर्यादा पाळावी लागते. विकृतियुक्त अतिवृद्धीत, अपत्यप्राप्तीची इच्छा नसल्यास, गर्भाशयोच्छेदन हाच उचित मार्ग होय.

मात्र गर्भाशयोच्छेदनाचा अवलंब जेथे हॉर्मोनोपचार पुरेसे ठरले असते तेथेही होत आला आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी कामगार स्त्रियांबाबत आलेल्या वृत्तांनंतर महाराष्ट्र शासनाने २०१९ मध्ये चौकशी समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२,००० हून अधिक स्त्रियांपैकी १३,८०० हून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढले गेल्याचे आढळले. तोडणीच्या हंगामात पाळीमुळे पडणारे खाडे व त्यापायी बुडणारी मजुरी, पाण्याची व आडोशाची वानवा, आणि पुढे कर्करोग होईल अशी घातलेली भीती, ही त्यामागील कारणे पुढे आली. विकृतिरहित अतिवृद्धीतून कर्करोग होण्याचे वर दिलेले प्रमाण पाहता ही भीती किती निराधार असते हे ध्यानात येईल. केंद्र शासनाने २०२२ मध्ये अनावश्यक गर्भाशयोच्छेदन टाळण्यासाठी मार्गदर्शक सूचना प्रसृत केल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये त्या सर्व राज्यांनी अंगीकाराव्यात असा आदेश दिला. तरुण वयात गर्भाशयाबरोबर दोन्ही अंडकोशही काढल्यास ईस्ट्रोजेन एकाएकी बंद होऊन अस्थिसौषिर्य (हाडे सच्छिद्र होण्याचा विकार) व हृद्‌रोग यांचा धोका वाढतो. केवळ गर्भाशय काढून अंडकोश राखले, तरी ऋतुनिवृत्ती काहीशी लवकर येते. ज्या स्त्रियांचे अंडकोश अशा रीतीने अकाली गेले आहेत त्यांना, अन्य दोष नसल्यास, स्वाभाविक ऋतुनिवृत्तीच्या वयापर्यंत ईस्ट्रोजेन देणे हिताचे असते. गर्भाशय उरला नसल्यामुळे त्यांच्या बाबतीत सामान्यतः प्रोजेस्टेरॉनाच्या जोडीची आवश्यकता नसते.